अकरा बाइटांची बचत

आज सकाळी समोरच्या चौधरींचं घर नाहीसं झालं. काल संध्याकाळपर्यंत होतं. गुलाबी रंगाचं, गच्चीवर काळी टाकी, टाकीवर एक कायमचा बसलेला कावळा. आज खिडकी उघडली तर घर नाही, गल्ली नाही, विजेचा खांब नाही. नुसता स्कूटरच्या किकचा आवाज. एकदा, दोनदा, दहादा. मग आतून कुठून तरी चौधरींचा आवाज आला, "मत हो स्टार्ट, तेरी मर्जी." म्हणजे चौधरी आहेत. ग्वाल्हेरला कोहरा उतरला.

याला धुकं म्हणू नका. धुकं बघायला लोक पैसे भरून डोंगरावर जातात. कोहरा आपणहून घरी येतो, उशीत शिरतो, टूथपेस्ट गोठवतो आणि अकरा वाजेपर्यंत हलत नाही. मला तो अतिशय आवडतो. या दिवसांत मी थाटीपुरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये रजई खांद्यावर टाकून असा फिरतो की बायको म्हणते, "महाराज, दरबार भरवायचा असेल तर आधी दूध आणा." इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी आजवर तीन राजे आणि एक सेनापती केलाय, त्याचा हा परिणाम. पोटासाठी पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवतो, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही, मीसुद्धा.

थंडीचे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. तीळ-गुळाची गजक कुटणाऱ्यांचे, मटाराचे, किल्ल्यावरच्या माकडांचे. एकच किस्सा मी कुठे सांगितलेला नाही, तो मागच्या हिवाळ्याचा. यंदाचा कोहरा खिडकीशी येऊन उभा राहिला आणि मला तो सांगावासा वाटला. यात मी राजा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, विनूभैयांची गच्ची आहे. गच्चीला लागून एक खोली, खोलीत जुना, पोट सुटलेला टीव्ही आणि टीव्हीला जोडलेली मैना. मैना म्हणजे पक्षी नव्हे. ती वहीएवढी, काळी, रबराच्या बटणांची एक संगणक-पेटी आहे. मी कॉलेजात असताना विनूभैयांनी ती दिल्लीहून आणली. टेलिफोन खात्यात नोकरी, तारांचा नाद, आणि घरात नवीन लग्न. त्या काळी तिचे प्रोग्राम कॅसेटवर साठवायचे. कॅसेट लावली की टेपमधून अशी किंचाळी यायची की शेजारी विचारायचे, कोण कोणाला मारतंय. म्हणून त्यांच्या बायकोने, शालूवहिनींनी, तिचं नाव मैना ठेवलं.

या मैनेला मराठी येत नव्हतं. विनूभैयांनी शिकवलं. दोन वर्षं खपून त्यांनी मराठी लिहिण्याचा प्रोग्राम केला, त्याचं नाव 'कित्ता'. बटण दाबलं की टीव्हीवर जाडजूड, चौकोनी, जरा वेंधळं देवनागरी अक्षर उमटायचं. त्या अक्षरांना शिरोरेघ होती पण ती जागोजागी तुटलेली, कारण मैनेच्या पोटात जागाच नव्हती. तुमच्या फोनमधला एक फोटो जेवढी जागा खातो, त्याच्या एका कोपऱ्यात मैनेचं सगळं आयुष्य मावेल.

जग पुढे गेलं, आम्ही काहीजण मागे राहिलो. हौस म्हणा, खूळ म्हणा. जगात दहा-बारा माणसं अजून 'कित्ता' सांभाळतात. चुका काढतात, नव्या गोष्टी घालतात, इंटरनेटवर एकमेकांना पाठवतात. त्यातले तिघे ग्वाल्हेरचे. मी, दातांची डॉक्टर मंजिरी, आणि इम्रान. इम्रानचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि पोट सुटलेले टीव्ही जिवंत ठेवणारा तो आमच्याकडचा शेवटचा माणूस. दर रविवारी, ऊन गच्चीवर पोचलं की आम्हीही पोचायचो.

आमचा एक रिवाज होता. मैनेच्या पोटात जागा नाही, म्हणून 'कित्त्या'त एक बाइट घालायचा तर आधी कुठून तरी एक बाइट काढायचा. बाइट म्हणजे मैनेच्या पोटातला एक कप्पा, बस. त्यामुळे आमच्यात हुशारीपेक्षा कंजुषीला मान. ज्याने सर्वांत जास्त बाइट वाचवले तो त्या रविवारचा महाकंजूस. मंडळाच्या नाटकातला पुठ्ठ्याचा मुकुट मी घेऊन आलो होतो, तो इम्रान त्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि गजकचा पहिला तुकडा त्याला मिळायचा. सलग चार रविवार मुकुट मंजिरीकडे होता. "नंदूदादा, तुम्ही बोलण्यात कंजुषी करा, तिथे खूप वाचेल," ती म्हणायची.

आणि शालूवहिनी टीव्हीवरून बोलायच्या.

हे नीट सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. डोकं मात्र जसंच्या तसं; उलट मला वाटतं, जास्तच धारदार. पेनाने डाव्या हाताला जमेना. फोनच्या काचेवर बोट थरथरायचं आणि भलतंच काही उघडायचं. एकदा तर भाचीला व्हिडिओ कॉल लागला आणि वहिनी रागाने लाल. मग एके दिवशी त्या मैनेसमोर बसल्या. कुठलं बटण कुठे, हे त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. बोट हळू जायचं, बटणावर टेकायचं, टेकलेलं राहायचं, हळूच उठायचं. पण अक्षर एकच यायचं आणि बरोबर यायचं.

त्यामुळे त्या घरी पाहुणा आला की वहिनींकडे बघायचा नाही, टीव्हीकडे बघायचा. मी किल्ल्यावरच्या माकडाचा किस्सा सांगत असायचो. माकडाने माझा मफलर ओढला, मी ओढला, दुसरं माकड आलं, आणि टीव्हीवर एक एक अक्षर उगवायला लागायचं. माझा किस्सा थांबायचा. सगळे वाट बघायचे. इम्रानचा चहाचा कप ओठापाशी. तीन-चार मिनिटांनी वाक्य पुरं व्हायचं:

"मागच्या वेळी माकड एकच होतं."

मंजिरी गच्चीवर जाऊन हसून यायची. इतकं अचूक मला कोणी कधी पाडलं नाही. आणि जागा काय घ्यायच्या. त्या तीन मिनिटांत प्रेक्षक मुठीत असायचे. माझ्या जन्मात मला असा ठहराव जमलेला नाही.

मला मुकुट हवा होता. एवढीच गोष्ट आहे खरं तर.

डिसेंबरच्या सुरुवातीला, असाच कोहरा असताना, मी 'कित्त्या'च्या आतड्यात शिरलो आणि मला एक जागा सापडली, जिथे मैना काहीच करत नव्हती. एक अक्षर घेतलं की ती एका मोठ्या आकड्यापासून शून्यापर्यंत मनातल्या मनात उलटं मोजायची. मोजून झालं की पुन्हा बटणांकडे बघायची. नुसतं मोजणं. त्या मोजण्याचा पुढे काही उपयोग नाही, आकडा कुठे वापरलेला नाही. रिकामा लूप. अकरा बाइट. शिवाय त्याच्यामुळेच 'कित्ता' इतका सुस्त, हे लांबच्या मंडळींचं रडगाणं वर्षानुवर्षांचं.

मी विचारलं. आमच्यात न विचारता काढत नाहीत. "भैया, हा लूप कशासाठी घातला होता?"

विनूभैयांनी चष्मा वर केला. "कोण जाणे यार. तेव्हाची बटणं दोनदा लागायची, त्यासाठी असेल. आता तर इम्रानने नवीन बसवली आहेत."

"काढू?"

"काढ."

मी काढला. 'कित्ता' हरणासारखा पळायला लागला. विनूभैयांनी स्वतः टाइप करून बघितलं, मंजिरीने बघितलं, इम्रानने आपलं नाव लिहून बघितलं. टकटकटक, सगळं झक्कास. मुकुट माझ्या डोक्यावर आला आणि मी मंडळाच्या नाटकातलं विजयाचं अख्खं भाषण म्हटलं. वहिनींना त्या दिवशी सर्दी होती, त्या आतल्या खोलीत पडून होत्या. नवी कॅसेट मी माझ्या हाताने मैनेशेजारी ठेवली आणि जुनी उचलून कपाटावर टाकली.

पुढच्या रविवारी वहिनी गच्चीवर आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आल्या. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या, शाल घट्ट, डावा हात शालीच्या आत. मी भैयांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "हात साथ देत नाहीये आता. डॉक्टर म्हणालेच होते, थंडीत वाढतं. मी स्वतः चालवून बघितलं, मशीन एकदम ठीक आहे."

मला वाटलं, यांना खुलवावं. माझ्याकडे औषध एकच. मी माकडाचा किस्सा काढला आणि मुद्दाम तीन माकडं घातली.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. शालीतून हात बाहेर आला. अर्धा आला. बटणांच्या वर थांबला. मी वाट बघत होतो, इम्रानही, मंजिरीही. आणि हात परत शालीत गेला.

मग मी चौथं माकड घातलं.

जानेवारी संपता संपता दुसरा झटका आला आणि वहिनी गेल्या. त्या सकाळी इतका कोहरा होता की खांदेकऱ्यांना पुढचं वळण दिसत नव्हतं, म्हणून इम्रान सगळ्यांच्या पुढे चालत होता आणि "इधर से, इधर से," असं सांगत होता. मी मागच्या उजव्या बाजूला होतो. एवढंच मला आठवतं.

पंधरा दिवसांनी भैयांनी एक बुटांचं खोकं आणून दिलं. आत कॅसेटी. वहिनी रोज दुपारी थोडं काही लिहायच्या आणि कॅसेटवर साठवायच्या, हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. "नंदू, मला टीव्हीसमोर बसवत नाही रे," भैया म्हणाले. "तू हे कागदावर काढून दे. मी वाचेन."

मी लॅपटॉपला टेप जोडला. ती किंचाळी ऐकली. पडद्यावर मजकूर आला.

"आज यांनी वरणात मीठ दोनदा घातलं. मी काही बोलले नाही. बोलता येत नसण्याचेही फायदे आहेत."

"मंजिरीने नवीन स्वेटर घातला होता. कोणी म्हटलं नाही. पुरुष."

"नंदू आला, पाऊण तास बोलला. चहा गार. माकडं दोन."

अशा कितीतरी कॅसेटी. मी एकटाच बसून हसत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली. मग डिसेंबरची कॅसेट लागली.

"मममममललललाााा"

मी आधी टेप साफ केला. टेपचं हेड पुसलं, पुन्हा लावलं. तेच. प्रत्येक अक्षर चार चार, पाच पाच वेळा. मध्येच ओळी तुटलेल्या. मग मी घरातली जुन्या 'कित्त्या'ची माझी प्रत काढली, मैनेसारख्याच माझ्या पेटीवर चढवली, आणि बोट वहिनींसारखं ठेवलं. टेकलं, राहू दिलं, हळूच उचललं. एक अक्षर. मग माझा 'कित्ता' चढवला. टेकलं, राहू दिलं, उचललं. पाच अक्षरं.

मैना मोजत असताना वहिनींचं बोट उठायचं. ते रिकामं मोजणं त्यांच्या बोटाच्या मापाचं होतं. कोणी मापून केलं नव्हतं, योगायोगाने होतं. आणि आम्ही तिघांनी, चौघांनी, धडधाकट हातांनी टकटक करून पास केलं होतं.

पुसायचं बटणही तसंच पळत सुटायचं. जादा अक्षरं पुसायला त्या बोट ठेवायच्या आणि ते चांगली अक्षरंही गिळायचं. मग त्या पुन्हा लिहायच्या. एका वाक्यासाठी एक एक दुपार. अशी आठ दुपारींची कॅसेट होती, आणि शेवटी, खूप जपून लिहिलेलं, कुठेही न पुसलेलं एकच वाक्य. मी जादा अक्षरं डोळ्यांनीच वगळून वाचलं.

"हात गेला."

गेला नव्हता. ते खोटं होतं, आणि ते मी त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं.

मी दवाखान्यात जाऊन मंजिरीला सांगितलं. तिने हातमोजे काढले, खुर्चीत बसली. मग म्हणाली, "भैयांना सांगणार?"

"सांगू नको?"

"तुमचं मन हलकं होईल. त्यांचं काय होईल?"

इम्रानच्या दुकानात गेलो. तो एका टीव्हीच्या पाठीत डोकं घालून होता. ऐकून घेतलं, तरी डोकं बाहेर काढलं नाही. "बताना तो पड़ेगा, भाईसाहब," तो आतूनच म्हणाला. "हाथ उनका था. अच्छा-भला था. ये बात उनके घर की है, अपने पास कैसे रख लें?"

दोघांचंही खरं होतं. मी आठ दिवस काढले. त्या आठ दिवसांत एक काम मात्र मन लावून केलं. डिसेंबरचा सगळा मजकूर साफ केला. जादा अक्षरं काढली, गिळलेल्या जागी टिंबं दिली, सुबक छापून घेतलं. रिकाम्या हाताने जायचा धीर नव्हता.

यंदाही आम्ही रविवारी गच्चीवर जातो. तो लूप मी परत घातलाय, अकराच्या अकरा बाइट, आणि या वेळी शेजारी कारण लिहून. परदेशातल्या एकाने लगेच विचारलं की 'कित्ता' पुन्हा सुस्त का झाला. मंजिरीने एका ओळीत उत्तर दिलं: "माहीत आहे." मुकुट कुठे गेला, हे कोणी विचारत नाही. भैया आमच्यात बसतात, चहा घेतात, माझ्याशी बोलतात. पण मी किस्सा सुरू केला की उठून तुळशीला पाणी घालायला जातात. मग मी पुरा करत नाही. माफ केलं का, असं मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही.

भैयांना सांगितलं ती दुपार मागच्या फेब्रुवारीतली होती. भैया गच्चीवर सतरंजीवर बसून मटार सोलत होते. एकट्या माणसाला किती मटार लागतात? समोर टोपलीभर होते. मी पण बसलो, सोलायला लागलो, आणि सोलता सोलता सांगितलं. अभिनय केला नाही. आवाज लावला नाही. जसं झालं तसं.

भैयांचे हात थांबले नाहीत. चार-पाच शेंगा झाल्या.

"काढ म्हणून मीच म्हटलं होतं ना?"

"विचारलं मी होतं."

"म्हणजे हात ठीक होता."

"ठीक होता, भैया. शेवटच्या झटक्यापर्यंत."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना कुठेतरी बरं वाटेल. मी आठ दिवस याच वाक्याची तालीम केली होती. त्यांनी हातातली शेंग तशीच टोपलीत टाकली.

"मी तिला ओरडलो होतो, नंदू. म्हटलं, शालू, नीट दाब ना. तू कोशिशच करत नाहीस. रोज म्हणायचो. ती दाबायची, माझ्याकडे बघायची, आणि पुन्हा दाबायची. मला वाटायचं, हट्ट करतेय."

खाली बाजारात कोणीतरी शटर वर ढकललं. मी पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी हात पंचाला पुसले, चष्मा लावला, पहिल्या पानाच्या दोन ओळी वाचल्या.

"हे असं नव्हतं ना तिचं?"

"जादा अक्षरं काढून टाकली, भैया. वाचता यावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुन्हा काढलंस?"

मी कागद परत घेतले. लॅपटॉप उघडला, मूळचा मजकूर लावला आणि उन्हाची चमक लागू नये म्हणून शाल आडवी धरली. ते सतरंजीवरून सरकत जवळ आले. मटाराने हिरवं झालेलं बोट त्यांनी पडद्यावर ठेवलं आणि अक्षरांवरून, लहान मुलं वाचतात तसं, सरकवायला लागले.

"इथे चार आहेत. इथे पाच." बोट थोडं पुढे गेलं. "हे काय?"

ती ओळ मला माहीत होती. साफ करताना मी तिथे बराच अडखळलो होतो. पूर्ण ओळभर एकच अक्षर होतं, च, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खालच्या ओळीवरही थोडं.

"बोट अडकलं असेल," मी म्हटलं.

"नाही." भैया पडद्याकडे बघत राहिले. "भाजीवाला आला असेल. खालून हाक आली की ती मान वळवून जिन्याकडे बघायची. बोट तिथेच राहायचं तिचं." त्यांनी चष्मा सारखा केला. "एवढा वेळ ठेवलं होतं बघ."

"भैया, शाल धरून ठेवू?"

"धर. मोजू दे जरा," ते म्हणाले, आणि ओळीच्या सुरुवातीला बोट नेऊन एक एक च मोजायला लागले.